आधी सौना, मग घर

लेक वर्थ, फ्लोरिडा
२ सप्टेंबर १९८६

चि. ताउनो यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण दोन. एक माझा खुबा आणि दुसरी माझी लेक. खुब्याचं म्हणणं असं की आता या घरात एकटीनं राहू नकोस, आणि डोरिसचं म्हणणंही तेच. दोघांचं इतकं एकमत आजवर झालं नव्हतं. घर विकायचं ठरलं आहे. इथे आपल्या फिनिश लोकांचा वृद्धाश्रम आहे, तिथे डिसेंबरात एक खोली रिकामी होते, आणि डोरिसनं माझं नाव देऊन ठेवलंय. जागा वाईट नाही. कॉफी चांगली असते, बुधवारी कुणीतरी अकॉर्डियन वाजवतं. वाफेनं अंग शेकायला सौनासुद्धा आहे, पण विजेवरची. भिंतीवरचं बटण दाबलं की तापते. बटण दाबून सौना तापवणाऱ्या माणसांत मला म्हातारं व्हायचं नाही.

सरळच लिहिते, कारण आपल्या घरात कुणी सरळ बोलत नाही आणि फोनवर तू नुसता हं हं करतोस. मला घरी यायचंय. ओटर लेकला, तुझ्याकडे. पाहुणी म्हणून नाही, राहायला. एल्मा गेल्यापासून तू एकटा, वॉलफ्रेड गेल्यापासून मी. दोन म्हातारी भावंडं देशाच्या दोन टोकांना बसून एकेकट्यानं कॉफी पितायत, याला काय म्हणावं?

मी विमानात बसणार नाही हे तुला माहीत आहे, आणि बसले तरी आईचा माग बसणार नाही. वडिलांनी बर्चच्या लाकडाचा केलेला तो माग मी इतकी वर्षं सांभाळला. आश्रमाच्या खोलीत पलंग आणि खुर्ची मावते, माग मावत नाही. म्हणून तू ट्रक घेऊन ये. बर्फ पडायच्या आत ये. पुढच्या वर्षीवर टाकू नकोस. पुढच्या वर्षी मला ट्रकात चढवायला क्रेन आणावी लागेल.

इथे जून आणि सप्टेंबर यांत फरक एवढाच की सप्टेंबरात वादळाच्या बातम्या असतात. झाडं तशीच हिरवीगार. आपल्या रस्त्यावरचे मेपल आता टोकाकडून लाल व्हायला लागले असतील. मी डोळे मिटून ते एकेक आठवत जाते आणि दर वेळी पुलापाशी येऊन चुकते. पुलानंतर आधी मेपल की आधी बर्च, तेवढं बघून कळव.

तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी त्याला चार चाकं लावून इकडे पाठव.

तुझी,
लेम्पी अक्का

ओटर लेक, मिशिगन
१४ सप्टेंबर

ती. अक्कास,
ताउनोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पत्रपेटीपाशी उभं राहूनच वाचलं. बरं वाटलं. पुलानंतर आधी बर्च.

तू येणार म्हणजे घरात बदल करायला हवेत. झोपायच्या खोल्या सगळ्या वर, आणि जिना तुला माहीत आहे, वडिलांनी बकऱ्यांसाठी केल्यासारखा आहे. म्हणून दक्षिणेच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून, तुझ्यासाठी एक खोली बांधायला घेतली आहे. दारातून थेट आत, मध्ये पायरी नाही, उंबरा नाही. खिडकी तळ्याकडे. पाया खणून झाला, काल ओन्नीनं आपलं काँक्रीटचं यंत्र आणलं आणि आम्ही दोघांनी ओतकाम केलं. ओन्नी तुला आठवत असेल, शेजारच्या लाइनेनांचा. आता त्याचे गुडघे वाजतात पण तोंड पूर्वीसारखंच चालतं. म्हणतो की बहीण येतेय म्हणून तू घर मोठं करतोयस, माझी बहीण येते तेव्हा मला घर लहान करावंसं वाटतं.

खोलीशिवाय इतरही कामं आहेत. मोठ्या घराच्या छपराचे चार पत्रे बदलायचेत, हिवाळ्याच्या खिडक्या बसवायच्या आहेत, लाकूड फोडून रचायचंय. ट्रकचे टायर घेतले. हीटर नीट चालत नाही, तो उघडून बसलोय. सीटच्या पाठीला फळी लावून थोडा उतार देतो, म्हणजे तुझ्या खुब्याला बरं पडेल. मागाची मापं पाठव. मोडून आणायचा झाला तरी सर्वांत लांब दांडा केवढा, ते कळव.

मी आजवर ग्रीन बे शहराच्या खाली, दक्षिणेकडे ट्रक नेलेला नाही. शिकागोचं जरा मनात येतं. ओन्नीच्या मेव्हण्याला शिकागोतून बाहेर पडायला एकदा अर्धा दिवस लागला होता, आणि तो तर विचारत विचारत गेला होता. मी विचारणार नाही हे तुला माहीत आहे.

जुनी सौना मार्चमध्ये बर्फाच्या ओझ्यानं कोसळली हे मी फोनवर सांगितलंच होतं. ओंडके बाजूला केले आहेत. ती पुढच्या उन्हाळ्यात बघू. तोवर स्वयंपाकघरात पाणी तापवता येईल.

घाई करू नकोस. खोली पूर्ण झाली की निघतो. ताडपत्रीखाली आणून ठेवायला तू काही लाकूडफाटा नाहीस.

लोभ आहेच, सध्या तो काँक्रीटवर पाणी मारतोय.

तुझा,
ताउनो

लेक वर्थ
२५ सप्टेंबर

चि. ताउनो यास,
आशीर्वाद, पण या खेपेला थोडे कमी.

सोबत मागाची मापं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पाकिटावरचं नाव तपासलं, कारण मला वाटलं हे कुणा अमेरिकन माणसाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. आधी खोली, मग छप्पर, मग खिडक्या, आणि सौना पुढच्या उन्हाळ्यात? आपल्यात असं कोण बांधतं?

वडिलांना खाणीतून काढून टाकलं आणि आपली माणसं त्या जंगलात आली तेव्हा पानं गळायला लागली होती. वडिलांनी आधी काय बांधलं? सौना. पहिले दोन हिवाळे आपण सगळे तिच्यातच राहिलो. तू तिथेच जन्मलास, फेब्रुवारीत, कारण सगळ्या रानात तेवढीच एक जागा ऊबदार आणि स्वच्छ होती. मला लाकडं आणायला पिटाळलं होतं. परत आले तर माणूस एक वाढलेलं, आणि ते लाल तोंड करून माझ्यावर ओरडत होतं. घर नंतर झालं, दोन वर्षांनी. आईला शेवटची आंघोळही तिथेच घातली. पाणी मी ओतलं. तू बाहेर लाकडं फोडत राहिलास, लागत नव्हती तरी.

तेव्हा मला शिकवू नकोस की स्वयंपाकघरात पाणी तापवू. आणि एक सांगते, रागावलास तरी चालेल. छपरावरचा बर्फ काढायला विसरणारा तू नव्हेस. मोठ्या घराच्या छपरावरचा बरोबर काढलास की. एल्मा गेल्यापासून तू सौना तापवलीच नाहीस, तिच्याकडे बघितलंच नाहीस, म्हणून ती कोसळली. आता बांधायची वेळ आली तर खोली पुढे करतोयस. पायरी नाही, उंबरा नाही, तळ्याकडे खिडकी. माझ्या नावावर तू स्वतःची पळवाट बांधतोयस, ताउनो.

मी तुला हसत नाहीये. वॉलफ्रेड गेल्यावर मी वर्षभर दोन कप कॉफी ओतत होते आणि एक गार करून सिंकमध्ये टाकत होते. डोरिसनं एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. ती आपल्यावरच गेली आहे.

मला खोली नको. ओतलेल्या पायावर सौना बांध. तिच्यापुढे कपडे बदलायची जागा ठेवतात ती जरा ऐसपैस कर आणि तिथे माझा पलंग टाक. भट्टीची ऊब भिंतीतून येईल, मला आणखी काय हवं? मागाला स्वयंपाकघरात जागा कर. टेबल सरकव, दोन माणसांना एवढं टेबल लागत नाही. आणि दिवस मोजत बसू नकोस, मी इथे ते काम करतेय.

लोभ ठेव आणि करवत बाहेर काढ.

तुझी,
लेम्पी अक्का

ओटर लेक
९ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर दोन दिवस रागावलो होतो. उत्तर लिहायला घेतलं आणि चुलीत टाकलं. मग शनिवार आला आणि नेहमीप्रमाणे ओन्नीकडे सौनेला गेलो. एल्मा गेल्यापासून शनिवारी तिथेच जातो. ओन्नीची बायको नंतर कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव देते, दोघं चांगली माणसं आहेत. मग ओल्या केसांनी ट्रक चालवत घरी यायचं. अंधाऱ्या घरात येऊन दिवा लावायचा. त्या दिवशी ट्रकमध्येच बसून राहिलो थोडा वेळ.

तू लिहिलंस ते खरं आहे. एकट्यानं सौना तापवण्यात काय अर्थ आहे, अक्का? दगडांवर पाणी टाकायचं, वाफ उठली की शेजारच्याला विचारायचं, पुरे का अजून. एल्मा नेहमी अजून म्हणायची आणि मग मलाच आधी खाली उतरावं लागायचं. आता विचारायचं कुणाला? लिहिलं हे, आता यावर फोनवर बोलू नकोस.

त्याच पायावर सौना चढवली आहे. तुझ्या पलंगाची जागा पुढे, सौना मागे, मध्ये रुंद दार. भिंती उभ्या राहिल्या, छपराचा पत्राही बसला. आत बसायच्या बाकाला तीन पायऱ्यांऐवजी दोनच केल्या, खालची गुडघ्याच्याही खाली, आणि भिंतीला धरायला गुळगुळीत दांडा. बाक लांब झाला, चार माणसं आरामात बसतील. ओन्नीनं विचारलं की दोन म्हाताऱ्यांना एवढा बाक कशाला. फळी तेवढी लांब होती म्हणून सांगितलं. त्यानं फळीकडे बघितलं, मग कापून टाकलेल्या तुकड्याकडे बघितलं, आणि गप्प बसला. ओन्नी गप्प बसला म्हणजे तू समजून घे.

भट्टीतले जुने दगड टाकून दिले, इतक्या वर्षांत भाजून भाजून ठिसूळ झाले होते. नवे काळे दगड खाणीच्या ढिगाऱ्यातून वेचून आणले. वाफेत अंगावर झोडून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या उन्हाळ्यात ओन्नीच्या बायकोनं बांधल्या होत्या, त्यातल्या चार दिल्या. स्वयंपाकघरातलं टेबल सरकवलं आणि जमिनीवर खडूनं मागाची चौकट आखली. कॉफी करताना तिच्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जातो, असा वेडेपणा चाललाय.

पानं सगळी गेली. मेपल उघडे पडले, बर्चवर थोडं पिवळं आहे. परवा हिमाचे चार कण पडले, जमिनीवर टिकले नाहीत. ट्रकचा हीटर आता चालतो पण पूर्ण किंवा मुळीच नाही, मधलं काही नाही. म्हणजे जॉर्जियापासून वर आपण सौनेतच बसून येऊ. ओन्नीनं नकाशावर शिकागोभोवती लाल पेन्सिलीनं मोठा वळसा काढून दिलाय.

राहिलं फक्त धुराडं. नळ्या शहरातून मागवल्या आहेत, येत्या आठवड्यात येतील असं दुकानदार म्हणतो. त्या बसवल्या की निघालो. धुराडं नसलेली सौना म्हणजे नुसती पेटी, तुला पेटीत आणून झोपवणार नाही.

लोभ आहे. नळ्या आल्या की तोही येईल.

तुझा,
ताउनो

लेक वर्थ
२७ ऑक्टोबर

ती. ताउनोमामांस,
डोरिसचा सा. नमस्कार.

मामा, हे पत्र आईला न सांगता लिहितेय. गेल्या मंगळवारी ती पडली. मागाच्या बाकावर चढून वरची दोरी सोडवत होती. तुम्ही आलात की वेळ जायला नको, म्हणून माग आधीच मोडून ठेवायचा होता तिला. हाड मोडलं नाही, पण सगळी बाजू काळीनिळी झाली आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिनं माझ्याकडून शपथ घेतली. कळलं तर ताउनो घाईत धुराडं वाकडं बसवेल, असं म्हणते.

ती दिवसभर व्हरांड्यात बसते. हिवाळ्याचा कोट काढून बटणं नीट आहेत का ते बघते, एकदा तर घालून बसली होती. बाहेर ऐंशी फॅरनहाइटच्या वर तापमान होतं. शेजारीण मला फोन करून म्हणाली की तुझ्या आईला बरं नाही का. बरं नाही असं कसं म्हणू? मी इतकी खुशीत तिला कधी पाहिलेली नाही.

मी या बेताच्या विरुद्ध आहे, हे तुम्हाला कळायला हवं. तिथे बर्फ, घसरण, डॉक्टर दूर. आणि दुसरं कारण माझं आहे. बाबा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी कामावरून तिच्याकडे जाते. ती मला ओटर लेकच्या गोष्टी सांगते आणि माझ्याकडे बघतही नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत असते. मी तिथे दोन उन्हाळे गेले फक्त. ज्या घराची तिला एवढी ओढ आहे त्यात मी नाहीच. तुमचं पत्र आलं की ती मला मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी काहीतरी निमित्त काढून उठते.

तरीही सांगते, या. नाहीतर येणार नाही असं स्पष्ट लिहा. आश्रमाला मला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचंय. पण ते कारण नाही. ती आता जिना चढत नाही, महिन्यापूर्वी चढत होती. धुराड्यासाठी थांबलात तर तुमची सौना तयार असेल आणि तिला ट्रकात चढता येणार नाही.

मामींचं मला फार वाईट वाटतं हे मी तेव्हा लिहायला हवं होतं. राहून गेलं.

आईवर लोभ आहेच तुमचा, थोडा माझ्यावरही असू द्या.

तुमची,
डोरिस

ओटर लेक
८ नोव्हेंबर

चि. डोरिस हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे निघतो. हे पत्र माझ्या थोडं आधी पोचेल नाहीतर मीच ते तुझ्या पेटीतून काढून देईन.

नळ्या अजून आल्या नाहीत. येत्या शुक्रवारी नक्की येतील म्हणतात. शनिवारी पंधरा तारीख, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी या भागात कुणी मेलं तरी पुरायला माणूस मिळत नाही. मी ओन्नीला एवढंच सांगितलं की धुराडं राहिलं, परत आल्यावर बघेन. त्यानं तुझं पत्र मागून घेतलं आणि वाचलं, माझ्या चष्म्यानं. मग म्हणाला की तू नीघ, शनिवारी धुराडं मी चढवतो. मी म्हटलं की शनिवारी तर शिकार. तो म्हणाला की हरणं काही फ्लोरिडाला जात नाहीत. त्याची बायको मला दाराबाहेर येऊन विचारत होती की याला ताप वगैरे आलाय का.

तर मी अर्धी सौना मागे टाकून येतोय. खिडकीला अजून चौकट नाही, तुझ्या आईच्या खोलीच्या भिंतीला आतून फळ्या नाहीत. मला हे सोपं गेलं नाही. अपुरं काम टाकून मी आजवर कुठे गेलेलो नाही. एल्मा इस्पितळात होती तेव्हासुद्धा मी रोज दुपारी घरी येऊन तिच्यासाठी पायऱ्यांचा कठडा पुरा करत होतो. कठडा पुरा झाला. त्याला धरून चढायला ती परत आली नाही. ते दुपारचे तास मला तिच्याजवळ बसता आलं असतं. तेव्हा आता धुराडं राहू दे.

तुझ्या आईला तुझ्यापासून नेतोय, हे मला समजतं. तू ये म्हणून लिहिलंस, ते मी विसरणार नाही. तिला सांग की मागाला हात लावू नकोस. दोऱ्या मी आणतोय.

लोभ आहे तुझ्यावर, नेहमीच होता. आपल्यात तो सांगायची रीत नाही एवढंच.

तुझा,
ताउनोमामा

ओटर लेक
२३ नोव्हेंबर, रविवार

चि. डोरिस हीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पोचलो. खुबा पोचला, मी पोचले, तुझी संत्रीही पोचली. तुझा मामा टेनेसी संपेपर्यंत एकूण चार वाक्यं बोलला, त्यातली तीन टायरबद्दल होती. शिकागोला ओन्नीच्या लाल वळशावरूनच जात होतो, तरी तो वळसाच आम्हाला चुकवून शहरात घेऊन गेला. एका उंच इमारतीसमोरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मी त्या इमारतीच्या दारवानाला हात केला आणि त्यानंही केला. मामाला सांगितलं की थांबव, विचारते. तो थांबवेना. शेवटी मी काच खाली करून चालत्या गाडीतून ओरडून विचारलं, तेव्हा सुटलो. विस्कॉन्सिनमध्ये बर्फ लागला. हीटर पूर्ण सोडलेला, आत संत्र्यांचा वास, बाहेर सगळं पांढरं. मी काचेवर नाक टेकून बसले. मामा म्हणाला की काच पुसायला फडकं आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे.

पूल ओलांडल्यावर आधी बर्चच आहेत.

आता मागाचं. त्या दिवशी सकाळी तू मागाच्या बाकावर बसलीस, दोऱ्या सोडायच्या सोडून हात मांडीवर ठेवलेस आणि विचारलंस की आई, तुझं माझ्याकडे काय राहणार. तू मला असं सरळ कधी काही विचारलं नव्हतंस. मी नुसतीच चिडले. मामानं मात्र आणलेल्या दोऱ्या गुंडाळल्या आणि ट्रकमध्ये परत नेऊन टाकल्या. त्या मागासाठी तो देश ओलांडून आला होता, आणि इथे स्वयंपाकघरात खडूची चौकट आखलेली होती. मी पुसू म्हटलं तर पुसू देत नाही. मी आता त्या चौकटीत खुर्ची टाकून बसते. त्यानं बरोबर केलं. मी तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, हे तू त्याला लिहिलंस आणि त्यानं मला टेनेसीत कुठेतरी सांगितलं. त्याच्या चार वाक्यांतलं ते चौथं.

मागावरची सतरंजी अर्धी आहे. निळ्या पट्ट्या तुझ्या बाबांच्या शर्टांच्या आहेत, त्या संपवू नकोस, थोड्या ठेव. दुसरं अर्धं तुला हवं तसं विण. वाकडं झालं तरी चालेल, मला दोन अर्धी वेगळी ओळखता आली पाहिजेत.

ओन्नीनं धुराडं शिकारीच्या दिवशी एकट्यानं चढवलं. गावभर बातमी झाली, दुकानात लोक त्याच्या बायकोला तब्येत विचारत होते. दुसऱ्या दिवशी तो रानात गेला तर त्यानं हेरून ठेवलेलं हरीण शेजारच्यानं मारलेलं. मी त्याला संत्र्यांची अर्धी पेटी दिली. तो म्हणाला की अक्का, संत्र्याला शिंगं नसतात. पण पेटी घेऊन गेला.

माझी खोली अपुरी आहे. भिंतीला आतून फळ्या नाहीत, कागद दिसतो. मामा रोज एक फळी लावतो आणि माझ्याकडे बघतो. मी सांगितलंय की हळू लाव. झोपले की भट्टीकडची भिंत पाठीला ऊबदार लागते. उन्हाळ्यात तू ये. तिसरा उन्हाळा. तुझ्याशिवाय मला इथे इतकं चुकल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं. तिथे असताना इथली ओढ, इथे आले तर संध्याकाळी साडेपाचला दाराकडे बघते, तू कामावरून येशील म्हणून. तुझ्या आईचं काही खरं नाही.

काल शनिवार होता. मामानं दुपारपासून भट्टी पेटवली. मला दांड्याला धरून आत नेलं, खालच्या पायरीवरून बाकावर बसवलं. बाक खरंच फार लांब आहे. मी भिंतीकडे सरकले, तो दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि मध्ये दोघांपुरती जागा राहिली. ती आम्ही कुणीच भरली नाही. त्यानं ओगराळ्यानं पाणी दगडांवर टाकलं. वाफ उठली, छताला लागून खाली आली, माझ्या खांद्यांवर बसली. कोवळ्या लाकडाचा वास होता, जुन्या सौनेसारखा नाही. मग त्यानं विचारलं की पुरे का अजून. माझ्याकडे बघत नव्हता, डोरिस. त्या मधल्या जागेकडे बघून विचारत होता.

मला तेवढंच पुरेसं गरम होत होतं. पण मी म्हटलं, अजून.

लोभ तुझाही इथे लागेल. उन्हाळ्यात घेऊन ये.

तुझी,
आई